गाडी किती देते?

नवी गाडी दारात उभी राहते, हार-नारळ होतो, पेढे वाटून होतात आणि शेजारचे काका पहिला प्रश्न टाकतात, ‘किती देते?’ बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, आपल्या लोकांच्या गाडीला हा प्रश्न चुकलेला नाही. शाळेची फी, किराणा आणि विजेचे बिल यांच्या रांगेत पेट्रोलही दर महिन्याला उभे असते, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

पूर्वी त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत असे. आता शोरूममध्ये गेलात, की समोरचा तरुण टर्बो, ड्युअल जेट, एएमटी, सीव्हीटी, डीसीटी, माइल्ड हायब्रिड, स्ट्राँग हायब्रिड असे शब्द एका दमात ऐकवतो. शब्दागणिक किंमत वाढत जाते. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि शेवटी रंग पाहून गाडी ठरते.

म्हणून आज या शब्दांची उकल करू. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. यातले प्रत्येक तंत्र खरोखर इंधन वाचवते, पण ठरावीक प्रकारच्या रस्त्यावर. आपली गाडी कुठल्या रस्त्यावर जास्त धावणार हे आधी ठरले, तरच त्या जादा पैशांचे चीज होते.

शंभरातले पंचवीस

शंभर रुपयांचे पेट्रोल टाकीत घातले, तर चाके फिरवण्याच्या कामी येतात ते साधारण वीस-पंचवीस रुपये. बाकीची उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत जाते, थोडी इंजिनाच्या आतल्या घर्षणात संपते.

इंजिन सर्वात जास्त उधळपट्टी केव्हा करते? आपल्याला वाटते, भरपूर काम असताना. प्रत्यक्षात काम भरपूर आणि फेरे बेताचे असतील, तेव्हा ते प्रत्येक थेंबाचे मोल करते. काम थोडे असले, की उधळते. कारण असे, की पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका झाला, की हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ मिटते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. उसाच्या रसाची नळी बोटांच्या चिमटीत दाबून रस ओढून पाहा, गालांना किती श्रम पडतात ते कळेल. डिझेल इंजिनाला काम कमी-जास्त करायला ही झडप लागत नाही, तिथे फक्त डिझेलचे प्रमाण बदलते. डिझेल गाडी जास्त देते, त्याचे हे एक कारण आहे.

सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाणाऱ्या छोट्या गाडीला दहा अश्वशक्तीही लागत नाही. पण चढण आणि ओव्हरटेक यांसाठी आपण ऐंशी-नव्वद अश्वशक्तीचे इंजिन घेऊन फिरतो. लग्नघरच्या पातेल्यात एक कप चहा उकळावा, तसा हा प्रकार. गेल्या तीस-चाळीस वर्षांत इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये जे नवे आले, ते बहुतेक या पातेल्यावरचे उपाय आहेत.

पातेले लहान करण्याचे उपाय

पहिला उपाय सरळ आहे, पातेलेच लहान घ्यायचे. इंजिन एक लिटरचे, तीन सिलिंडरचे ठेवायचे आणि जास्त ताकद लागेल तेव्हा टर्बोने हवा कोंबायची. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूंवरच टर्बोचा पंखा फिरतो. फोर्डने २०१३ मध्ये इकोस्पोर्टमधून एक लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आपल्याकडे आणले, पुढे ह्युंदाई, फोक्सवॅगन, टाटा या सगळ्यांनी ती वाट धरली. मात्र टर्बोचा पंखा जोरात फिरू लागला, की ते लहान इंजिन मोठ्या इंजिनासारखेच पेट्रोल मागते. हलक्या पायाने चालवणाऱ्याला टर्बो भरपूर देतो. ज्याला प्रत्येक ट्रक मागे टाकायचा असतो, त्याची निराशा होते.

दुसरा उपाय, मोठ्या शेगडीचे दोन बर्नर बंद ठेवायचे. चाकणला बनणाऱ्या टायगुन आणि कुशाक या गाड्यांत २०२१ मध्ये आलेल्या दीड लिटरच्या इंजिनात काम कमी असेल तेव्हा चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात. उरलेल्या दोघांवर काम पडते आणि ते नेटाने करतात. हे मुख्यतः हायवेवर एका संथ वेगात कामी येते.

तिसरा उपाय झडपांच्या वेळेचा. पूर्वी झडपा कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या, हे कारखान्यात एकदाच ठरत असे. आता वेगाप्रमाणे वेळ बदलते. व्हीव्हीटी, व्हीटेक ही नावे त्याचीच. ड्युअल जेट म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलचे दोन फवारे. फवारा बारीक झाला, की जळण नीट होते. स्विफ्टमध्ये २०२४ साली मारुतीने चार सिलिंडरच्या जागी तीन सिलिंडरचे बाराशे सीसीचे इंजिन बसवले, त्यामागेही घर्षण कमी करण्याचाच हिशेब होता. घासणारे भाग कमी, तेवढे नुकसान कमी.

डिझेलमध्ये ही क्रांती आधीच झाली होती. कॉमन रेल म्हणजे एका समाईक नळीत प्रचंड दाबाखाली डिझेल साठवून संगणकाच्या हुकमाने बारीक फवारे सोडायचे. हे तंत्र १९९७ मध्ये आल्फा रोमिओच्या गाडीत प्रथम आले. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट त्याच घराण्यातले. २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आले, २००८ मध्ये इंडिका व्हिस्टात, आणि इतक्या गाड्यांत बसले की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. आजच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापून चालावे लागते. रोज शाळा, भाजी मार्केट आणि घर एवढ्याच फेऱ्या असतील, तर ती जाळी तुंबते आणि खर्च अंगावर येतो. गोवा-पुणे अशी सतत ये-जा असणाऱ्याला डिझेल आजही परवडते.

कार्ब्युरेटर गेला, सवय राहिली

आता घाटाकडे वळू. चोर्ला, अनमोड, आंबोली हे आपले नेहमीचे घाट, आणि उताराला लागताच गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे चालक अजूनही दिसतात. ‘तेवढेच पेट्रोल वाचते’, असे त्यांचे म्हणणे. काही बहाद्दर तर चावीही बंद करतात.

ही समजूत आली कुठून? कार्ब्युरेटरच्या काळातून. त्या गाडीत गिअर तसाच ठेवून उतरताना इंजिन जोरात फिरे आणि त्या ओढीने कार्ब्युरेटरमधून पेट्रोल येतच राही. न्यूट्रल केले, की फेरे कमी होत आणि थोडे पेट्रोल खरोखर वाचत असे. तेव्हाच्या चालकांचे निरीक्षण खोटे नव्हते.

पण २००० साली भारत स्टेज-१ चे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर मागे पडत गेला. त्याच्या जागी संगणकाने चालणारे फवारे आले. हा संगणक पाहतो की अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला आहे, गाडी गिअरमध्ये आहे आणि चाकेच इंजिनाला फिरवत आहेत. तेव्हा तो पेट्रोल पूर्ण तोडतो, एक थेंबही देत नाही. न्यूट्रल केलेत, तर चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून संगणकाला पेट्रोल सोडावेच लागते. म्हणजे उतारावर गिअरमध्ये खर्च शून्य, आणि न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीएवढा खर्च चालूच. जे वाचवण्यासाठी न्यूट्रल केले, तेच खर्च होते.

पैशांचे नुकसान थोडे आहे, धोका मोठा आहे. गिअरमधली गाडी इंजिन मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला, की लायनर तापतात, वास येऊ लागतो आणि ऐन वळणावर ब्रेक पकड सोडतो. चावी बंद केली, तर ब्रेकला जोर देणारी यंत्रणा दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि चावी फिरवून काढून घेतली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. घरात कुणी वाहन चालवत असेल, तर एवढा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम आजही पक्का आहे. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी एल, बी किंवा मॅन्युअल अशी सोय असते. ती कुठे आहे, हे गाडी घेतानाच विचारून घ्यावे.

गिअरबॉक्स काय करतो?

सायकलवरून चढ चढणाऱ्याला गिअरचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. पाय एका ठरावीक लयीतच चांगले चालतात, इंजिनाचेही तेच. त्याला त्याच्या लयीत ठेवणे, हे गिअरबॉक्सचे काम. चारच्या जागी पाच, पाचच्या जागी सहा गिअर आले, ते याचसाठी.

‘ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल खाते’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल ते खरे होते. त्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाची जोडणी असे आणि बरीच ताकद ते तेल घुसळण्यात जाई. आता वेग धरल्यावर ही जोडणी आतून घट्ट लॉक होते आणि तो तोटा बराच कमी होतो.

एएमटी तर साधा गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्या हातापायांऐवजी यंत्र असते, एवढेच. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत ते आणले, तेव्हा मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींचा जाहीर आकडा एकच होता, लिटरला २३.१ किलोमीटर. २०२४ च्या स्विफ्टमध्ये तर मॅन्युअलचा आकडा २४.८० आणि एएमटीचा २५.७५. यंत्र कंटाळत नाही, वेळच्या वेळी वरचा गिअर टाकते. आपण गप्पांच्या नादात तिसऱ्यातच रेटत राहतो. एएमटीची खोड अशी, की गिअर बदलताना गाडी क्षणभर अडखळते. घाटात ओव्हरटेक करताना तो क्षण जपावा लागतो, तिथे मॅन्युअल मोड वापरावा.

सीव्हीटी हा शब्द परका वाटेल, पण वस्तू आपल्या अंगणात चाळीस वर्षे आहे. १९८४ मध्ये आलेली आणि इंदूरजवळ पिथमपूरला बनणारी कायनेटिक होंडा आठवते? गिअर नसलेली ती स्कूटर, आणि आजच्या अ‍ॅक्टिवासारख्या स्कूटरही याच तत्त्वावर चालतात. दोन पुल्या आणि त्यांवर एक पट्टा, पुल्या आकार बदलतात आणि त्याप्रमाणे गिअर बदलत जातो, पायऱ्या नाहीतच. कारमध्ये हे तंत्र हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये प्रथम रस्त्यावर आणले. शहरातल्या संथ गर्दीत सीव्हीटी उत्तम. एकदम पाय दाबला, तर मात्र इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो.

डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. एक चालू गिअर सांभाळतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, त्यामुळे ताकदीत खंड पडत नाही. हायवेवर हा राजा. पण यातल्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला मुंगीच्या चालीची वाहतूक आणि चढावरची खोळंबलेली रांग मानवत नाही, क्लच तापतो. रोज अशा गर्दीत अडकणाऱ्याने हे विचारात घ्यावे.

घाट, बॅटरी आणि तीन युनिट

हायब्रिडची कल्पना वर सांगितलेल्या उधळपट्टीवर बेतलेली आहे. जिथे इंजिन वाईट काम करते, तिथे ते बंदच ठेवायचे. सिग्नल, रेल्वे फाटक, मुंगीच्या चालीची गर्दी हे विजेच्या मोटरकडे द्यायचे आणि वेग धरल्यावर इंजिन घ्यायचे. ब्रेक मारताना उष्णता होऊन वाया जाणारी ताकद मोटर उलटी फिरवून बॅटरीत भरायची. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली, तेव्हापासून हे चालू आहे. त्यात अ‍ॅटकिन्सन पद्धतीचे इंजिन असते, म्हणजे जळलेल्या वायूला पसरायला जास्त वाव देऊन त्याच्याकडून अधिक काम करून घेणारे. २०१५ च्या प्रियसच्या इंजिनाने उत्तम स्थितीत चाळीस टक्क्यांपर्यंत मजल मारली. कर्नाटकात बिडदीच्या कारखान्यातून २०२२ पासून येणारी हायरायडर आणि ग्रँड विटारा ही त्याच तंत्राची धाकटी भावंडे. माइल्ड हायब्रिड मात्र वेगळे. त्यातली मोटर इंजिनाला थोडा हात देते आणि थांबल्यावर ते चटकन पुन्हा चालू करते, गाडी एकटीने ओढत नाही.

‘मग घाट उतरताना बॅटरी भरून सगळे फुकट मिळत असेल?’ असा प्रश्न साहजिक आहे. हिशेब करू. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे आणि पणजी समुद्राकाठी. पाच माणसे आणि सामान धरून दीड हजार किलोची गाडी एवढी उंच चढवायला विजेच्या भाषेत तीन युनिट ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट असतात, पण कामी येतात त्यातले अडीच-तीन. म्हणजे गोव्याहून परतताना अंतराचे पेट्रोल वेगळे आणि नुसत्या उंचीसाठी लिटरभर वेगळे. ‘जाताना जास्त दिली, येताना कमी’ ही तक्रार घेऊन मेकॅनिककडे जाण्याचे कारण नाही.

हीच तीन युनिट उतरताना परत मिळायला हवीत. काही हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातात, तेवढे पेट्रोल वाचतेच. उरलेली बॅटरीत जावीत, तर हायरायडरची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास. अर्ध्या घाटातच ती भरून जाऊ शकते, पुढे पुन्हा इंजिनाचा आधार घेऊनच उतरायचे. छोट्या-छोट्या थांब्यांचे शहर हे हायब्रिडचे खरे मैदान आहे, लांब घाट नव्हे.

कागदावरचा आकडा, वहीतला आकडा

जाहिरातीतला आकडा येतो कुठून? पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. तिच्यासारख्या मान्यताप्राप्त ठिकाणी गाडी रोलरवर ठरावीक क्रमाने चालवतात. त्या चाचणीत सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद, ना खड्डे, ना म्हशी आडव्या. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, घरचे बजेट मांडायला नाही.

त्यात पेट्रोलही बदलले. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. आपल्या सीमाभागातील ऊस आणि साखर कारखान्यांशी त्याचे नाते आहेच. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते, की जुन्या धाटणीच्या चारचाकींत अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के घटू शकते आणि त्यासाठी जुळवलेल्या इंजिनात एक-दोन टक्के. पंधरा देणारी जुनी गाडी चौदा देऊ लागली, तर इंजिन खोलण्याची घाई करू नका. रबराच्या नळ्या मात्र तपासून घ्या.

आता मुख्य हिशेब. एकाच गाडीच्या माइल्ड हायब्रिड मॅन्युअलचा आकडा २१.११ आणि स्ट्राँग हायब्रिडचा २७.९७ असा जाहीर झाला होता. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावली, तर फरक पडतो ११६ लिटरचा. सोपे म्हणून शंभर रुपये दर धरला, तर अकरा हजार सहाशे रुपये. गाडीच्या किमतीत दोन लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला सतरा वर्षे लागतील. हीच गाडी वर्षाला तीस हजार किलोमीटर धावली, तर सहा वर्षांच्या आत पैसे वसूल. आणि दहा हजारच, पण सगळे गर्दीच्या शहरात धावली, एक गाडी तिथे १२ देते आणि दुसरी २२ असे धरले, तर वर्षाला ३७८ लिटर वाचतात. तंत्र तेच, रस्ता बदलला की उत्तर बदलते.

अ‍ॅव्हरेजच्या आकड्याची आणखी एक फसवी गंमत पाहा. दहा देणारी गाडी पंधरा देऊ लागली, तर दहा हजार किलोमीटरला ३३३ लिटर वाचतात. वीस देणारी पंचवीस देऊ लागली, तर फक्त १०० लिटर. वाढ दोन्हीकडे पाचचीच. म्हणून घरात दोन गाड्या असतील, तर आधी कमी देणारीकडे लक्ष द्या. तिथे टायरची हवा, एअर फिल्टर आणि पुस्तिकेत सांगितलेलेच पातळ ऑइल एवढ्यानेही फरक पडतो. ‘जाड ऑइल म्हणजे इंजिन सुरक्षित’ हा समजही कार्ब्युरेटरच्याच काळातला.

उभ्या गाडीचे छोटे इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकावर आणि शाळेच्या दारात मिळून रोज वीस मिनिटे इंजिन चालू राहिले, तर महिन्याला सहा लिटर गेले. त्यासाठी नवे तंत्र विकत घ्यावे लागत नाही, चावी फिरवली की पुरते.

नवी गाडी घेण्याचा विचार असेल, तर शोरूमला जाण्याआधी दोन महिने एक साधी वही ठेवा. टाकी फुल्ल केली की किलोमीटर लिहायचे, पुन्हा फुल्ल केली की घातलेले लिटर लिहायचे, आणि शेजारी प्रवास शहरातला, हायवेचा की घाटाचा, एवढी नोंद. किराण्याची वही जी व्यक्ती सांभाळते, तिच्याकडेच ही दिलीत तर नोंदी चुकणार नाहीत. दोन महिन्यांनी आपला खरा रस्ता त्या पानांवर दिसेल. मग टर्बो हवा की हायब्रिड, एएमटी की सीव्हीटी, हे विक्रेत्याने सांगण्याआधी तुम्हीच त्याला सांगाल. आणि शेजारच्या काकांनी विचारले, ‘किती देते?’, तर त्यांना उलट विचारा, ‘कुठल्या रस्त्यावर?’